पावणेदोन टक्के

पहिला आला विजयनगरहून,
गाडीचा एसी बाहेर चालूच ठेवून.
चौकसे. बुटांसकट आत.
उंबरा काढून केलेला उतार त्याला दिसला नाही,
आला मात्र त्याच्यावरूनच.
"मॅडमजी, काम तो एक नंबर कराया है,
बस बाथरूम के ये डंडे निकलवा दो,
अस्पताल जैसा लगता है."
मग मोबाइलवर आकडे दाबू लागला.
बत्तीस वर्षं मी गणित शिकवलं,
त्याचा गुणाकार होईतो
मी उत्तर घेऊन बसले होते.

दुसरा आपला माणूस.
श्रीरंग टोकेकर, मामेबहिणीच्या नणंदेकडून ओळख.
चहा घेतला, पुन्हा अर्धा घेतला,
लोकमान्य नगरात आता आपली माणसं किती उरली
त्याची घरागणिक मोजदाद केली,
आणि नव्या रंगावरून हात फिरवत म्हणाला,
"ताई, तुमच्याकडून मी काय घेणार!"
हे वाक्य मला नेहमी महागात पडलंय.
निघताना तोही वळला,
"न्हाणीघरातले ते दांडे तेवढे..."

दांडे चार आहेत. स्टीलचे, जाड.
एक कमोडच्या उजवीकडे, एक शॉवरखाली,
दोन बोळात, दिव्याच्या बटणापर्यंत नेणारे.
दार सहा इंच रुंद करताना नर्मदेची लाइन फुटली,
तीन दिवस शेजारच्या जैनांकडून बादल्या आणल्या,
आणि विनू खाटेवर बसून हसत होता.
जन्मभर वीज मंडळात लोकांच्या लाइनी जोडल्या, म्हणाला,
घरची तू फोडलीस.
हसताना त्याचा हात थरथरायचा.
न हसतानाही.
इक्बाल मिस्त्रीने दांड्याला लटकून दाखवलं होतं,
"दीदी, पचास साल नहीं हिलेगा."
पन्नास कुणी मागितली होती.
सात महिने वापरले त्याने.
ती वजाबाकी मी केलेली नाही.

तिसरी तस्नीम कांचवाला, सैफी नगरची.
फुलाफुलांचा रिदा, ॲक्टिव्हा,
सकाळी कचरागाडीच्या मागोमागच पोचली.
चपला बाहेर. उताराशी थांबून
पावलाने त्याचा चढ जोखला.
फरशांवर किल्लीने टकटक करत गेली,
खिडकीखालची पोकळ वाजली.
मला माहीत होती. त्या दोघांना नव्हती.
मग न्हाणीघरात कमोडचं झाकण पाडून बसली,
दांडा धरून उठली,
पुन्हा बसली,
डोळे मिटून उठली.
मी दारात.
"किसके लिए था?"
"भाई के लिए."
तिने मान हलवली. हळहळली नाही, बरं झालं.
"ये मत निकालना. दो घर हैं मेरे पास,
यही ढूँढ रहे हैं."
असतील. किंवा धंद्याचं बोलणं असेल.
भाव सांगितला तो चौकसेपेक्षा चार लाखांनी कमी.
"वो दाम सुनाने का है, बेन, मिलने का नहीं."
आणि फरशी आधी बदलून घ्या, म्हणाली,
गिऱ्हाईक आपल्याआधी ऐकेल.

रात्री वहीत रकाने आखले.
भाव, टक्के, मुदत.
चौकसे पुढे होता,
टोकेकरांचे टक्के कोरेच.
वही मिटून उठले, गुडघ्यात कळ आली,
हात आपसूक बोळातल्या दांड्यावर गेला.
गार होता.
हलला नाही.

सकाळी तस्नीमला फोन लावला.
दोन टक्के, म्हणाली.
घासाघीस करायची नाही असं ठरवलं होतं.
केली.
पावणेदोन.
ती किल्ली न्यायला आली तेव्हा सांगितलं,
सगळं नवं आहे, वायरिंग सोडून.
बोळातलं बटण दोनदा दाबा.
पहिल्यांदा नाही लागत दिवा,
दुसऱ्यांदा लागतो.